अडकलास, पण कुठे?



बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. "बरी आहेस ना?" असे दोन-तीन फोनही येऊन गेले. बरी आहे हो, शिकत होते! काय शिकत होते ते ऐकलंत तर हसाल. वेबसाइट करायला शिकत होते. पंचाहत्तरी जवळ आलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, उभं आयुष्य खडू-फळ्यात काढलेल्या बाईने हा उद्योग का आरंभला, त्याची ही गोष्ट. तशी ती माझी कमी आणि माझ्या नातवाची जास्त. त्याला विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण नाव घालू नकोस," एवढीच त्याची अट.

तर झालं असं की २०२४ च्या दिवाळीत नातू साताऱ्याला आला. लेकीचा मुलगा. तेव्हा पुण्यात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. दरवर्षी आला की पहिल्या दिवशी अजिंक्यतारा, दुसऱ्या दिवशी मित्रमंडळी आणि मधल्या वेळात माझे फराळाचे डबे रिकामे करणं, असा त्याचा कार्यक्रम असतो. त्या वेळी मात्र आला, पाया पडला आणि आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला तो बसलाच. चकलीची बशी दोन तास तशीच. या मुलाने चकलीला हात लावला नाही म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे कळायला बी.एड. व्हावं लागत नाही.

संध्याकाळी चहाच्या निमित्ताने आत डोकावले. पडद्याच्या अर्ध्या भागात कुणीतरी माणूस भराभर बोलत काहीबाही टाइप करत होता, आणि आमचे चिरंजीव दर अर्ध्या मिनिटाने त्याला थांबवून दुसऱ्या अर्ध्या भागात तेच उतरवून घेत होते. खाली एक हॉटेलची वेबसाइट तयार होत होती. सुरेख फोटो, सरकणारी चित्रं, वर ऐटबाज नाव.

"अरे वा! हे तू केलंस?" मी कौतुकाने विचारलं.

त्याचा चेहरा एकदम पडला. म्हणाला, "आजी, हे मी केलेलं नाही. मी फक्त उतरवलंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सुट्टीच्या आधी कॉलेजात त्याची तोंडी परीक्षा झाली होती. प्रोजेक्ट म्हणून एक वेबसाइट दाखवायची होती. याने थोडी व्हिडिओत बघून, थोडी चॅटजीपीटीकडून लिहवून घेऊन केली. चालत होती, दिसायला छान होती. सरांनी बघितली आणि म्हणाले, "हे बटण डावीकडे आहे ना, ते उजवीकडे घे पाहू." बस्स. एवढंच. आणि याला ते घेता येईना. कुठली ओळ बदलायची तेच कळेना. पाच मिनिटं तो नुसता उभा राहिला. सर रागावले नाहीत. "सुट्टीत स्वतः काहीतरी करून आण, नंतर बघू," म्हणाले. मागे दोघेजण हसले. ते हसणं त्याच्या मनातून जाईना.

"आजी, दीड वर्ष झालं. एचटीएमएल झालं, सीएसएस झालं, जावास्क्रिप्ट झालं. व्हिडिओ बघताना सगळं कळतं. रिकामी फाइल उघडली की डोकंही रिकामं. बाकीची मुलं रिॲक्टवर गेली, कुणी इंटर्नशिप करतंय. आणि हे सगळं आता यंत्रच लिहितंय, मग मी शिकून तरी काय करू? मला हे जमणार नाही गं. सोडून देऊ का? आईला इतक्यात सांगू नकोस. फी भरलीय तिने."

(लेकी, आता तू हे वाचते आहेस. तेव्हा तुला सांगितलं नाही, त्याबद्दल फोनवर तुझी बोलणी मी खाऊन झालेली आहेत. पुन्हा नकोत!)

आता अशा वेळी माझ्यासारखी जुनी शिक्षिका काय करेल? "प्रयत्नांती परमेश्वर" सुरू करेल. माझ्याही ओठावर आलं होतं. पण खरं सांगते, त्याच्या त्या यादीतलं मला काहीच कळलं नव्हतं. ज्या विषयातला ओ की ठो कळत नाही, त्यात धीर तरी कसला द्यायचा? म्हणून मी म्हटलं, "सोडायचं की नाही ते सुट्टी संपताना ठरवू. तोवर मला शिकव. मला तरी बघू दे हे काय प्रकरण आहे."

तो हसला. दिवाळीत पहिल्यांदा हसला.

दुसऱ्या दिवशीपासून आमची शाळा भरली. विद्यार्थी एक, वय चौऱ्याहत्तर. गुरुजी एक, वय एकोणीस.

मला आधी इतिहास लागतो, त्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ मध्ये पहिली वेबसाइट लोकांसमोर आली आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सगळ्या जगाला फुकट वापरायला मोकळं केलं. सीएसएसची कल्पना १९९४ ची. जावास्क्रिप्ट मात्र १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी घाईघाईत, दहा दिवसांत उभी केली. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जगभर चालणारी भाषा दहा दिवसांत झालेली, म्हणजे तिच्यातही आपल्यासारखे कच्चे दुवे असणारच!

नातवाने तीन भाषांची तीन कामं सांगितली आणि मी ती माझ्या पद्धतीने वहीत लिहून घेतली. एचटीएमएल म्हणजे नाम: पानावर काय काय आहे ते सांगणारं. सीएसएस म्हणजे विशेषण: ते कसं दिसतं ते सांगणारं. जावास्क्रिप्ट म्हणजे क्रियापद: काय घडतं ते सांगणारं. नातू म्हणाला, "आजी, हे आम्हाला असं कुणी सांगितलंच नाही." मी थोडी फुशारले.

मग व्हिडिओ लावून, थांबवत थांबवत, दोन दिवसांत मी माझं पान केलं. अंगणातल्या तुळशीवृंदावनाचा फोटो, खाली चार ओळी, मागे फिकट पिवळा रंग. शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवलं. "बाई, तुम्ही म्हणजे कमाल आहात!" वगैरे झालं. रात्री झोप सुद्धा छान लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी फाइल उघडली. कालचंच पान, फोटो बदलून, पुन्हा करायचं ठरवलं होतं. पहिल्या दोन ओळी आल्या. तिसरी... तिसरी येईना. फोटोसाठी काय लिहितात ते आठवेना. रंग कुठे सांगायचा, त्याच फाइलमध्ये की वेगळीकडे? कंस कुठला, वाकडा की टोकदार? काल सगळं "कळलं" होतं हो! आणि आज बोट पुढे सरकत नव्हतं. छातीत धडधडायला लागलं. या वयात, स्वतःच्या घरात, कुणी बघत नसताना सुद्धा मला लाज वाटली.

आणि त्या क्षणी मला एक मुलगा आठवला. चाळीस वर्षांनी.

१९८४-८५ च्या सुमाराची सातवी. मी शिकवायचे मराठी आणि इतिहास, पण शाळेत गणिताचे शिक्षक कमी म्हणून पाचवी ते सातवीचं गणितही माझ्या गळ्यात पडलेलं. वर्गात एक मुलगा होता. गवंड्याचा मुलगा. वही अशी की जणू छापलेली. फळ्यावरचं प्रत्येक गणित जसंच्या तसं, समास सोडून, उत्तराखाली दोन रेघा. मी ती वही इतर मुलांना दाखवायची. आणि परीक्षेत या मुलाला पन्नासपैकी सहा, आठ, पाच. मी चिडायची. वर्गात सगळं कळतं म्हणून मान डोलावतो आणि पेपरात हे! वार्षिकाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, "वर्गात लक्ष नसते." त्याचे वडील भेटायला आले होते. हातांना सिमेंट तसंच. म्हणाले, "बाई, पोरगं रोज रातच्याला वही घेऊन बसतंय." मी म्हणाले, "नुसतं बसून काय होतं?"

सातवीनंतर तो शाळेत आला नाही. माझ्या शेऱ्यामुळेच गेला असं मी म्हणणार नाही. घरची ओढाताण होती, धाकटी भावंडं होती. पण त्या शेऱ्याने त्याला थांबायला मदत केली नाही, हेही खरंच.

त्या मुलाचं लक्ष होतं हो. पुरेपूर होतं. गणित मी सोडवत होते आणि तो बघत होता. बघताना कळतं. माझं तुळशीवृंदावन जसं मला "कळलं" होतं, तसंच. आणि रात्री तो वही उघडून काय करत असेल? माझीच उत्तरं वाचत असेल. रिकाम्या पानावर एकट्याने गणित सोडवून बघ, अडलं तर कुठे अडलं ते मला येऊन सांग, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही. पस्तीस वर्षं शिकवलं आणि हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळावं!

बी.एड.ला आम्ही हर्बर्टची पंचपदी घोकली होती. पाठ काढताना तिची शेवटची पायरी असते उपयोजन. म्हणजे शिकलेलं स्वतः वापरून बघणं. कागदावरच्या टाचणात ती पायरी मी रोज लिहीत असे. वर्गात मात्र तास संपत आलेला असायचा, आणि उपयोजनाच्या जागी "उरलेली गणितं घरी करा" एवढं म्हणून मी हजेरीपट उचलायची.

नंतर नातवाने मला एक प्रयोग शोधून वाचून दाखवला. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा, २००६ सालचा. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे वाचताना, बघताना जे "येतंय" असं वाटतं ना, ते पाच मिनिटांचं येणं असतं. नातवाचं दीड वर्ष आणि त्या मुलाची छापील वही, दोन्ही मला त्यात दिसली.

असो. त्या दिवशी दुपारी मी नातवाला त्या मुलाची गोष्ट सांगितली. तो गप्प बसून ऐकत होता. मग मी म्हटलं, "आता माझं एक काम कर. मला निकालपत्रक करून दे."

माझ्या पिढीच्या शिक्षकांना निकालपत्रक म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिल महिना, पंख्याखाली फडफडणारे लांबलचक कागद, पन्नास-साठ मुलांची नावं, प्रत्येक विषयाचे गुण, आडवी बेरीज, मग ताळा बघायला उभी बेरीज, टक्केवारी, शेरा. एक बेरीज चुकली की रात्रभर शोधाशोध. त्यात काय काय असतं ते मला झोपेतही सांगता येईल. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, पण भाषा थोडीफार येत होती. म्हटलं, बरी जोडी जमली.

आम्ही दोनच नियम केले. पहिला, व्हिडिओ नाही आणि यंत्राकडून तयार उत्तर घ्यायचं नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ किंवा वापर बघायचा असेल तर खुशाल बघ, शब्दकोश बघायला कुणाची ना नसते. दुसरा नियम, अडलं की वहीत दोन रकाने. डावीकडे "काय व्हायला हवं होतं", उजवीकडे "काय झालं". हा माझा हट्ट. वही दोनशे पानी, आणि हो, समास सोडून!

पहिला दिवस नुसता तक्ता उभा करण्यात गेला. नाव, मराठी, गणित, इतिहास आणि एक बटण: "निकाल काढा". आम्ही तीनच विषय घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने बटणाला काम दिलं. मी नमुन्याचे गुण सांगितले, मराठी ६२, गणित ३५, इतिहास ४८. बटण दाबलं.

टक्केवारी २०७८४९.३३. शेरा: विशेष प्रावीण्य!

मी इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नातू मात्र हसला नाही. खांदे पाडून म्हणाला, "बघ. म्हणून सांगत होतो. मला नाही जमत."

मी वही पुढे सरकवली. "जमत नाही, हा कुठल्याच रकान्यात बसत नाही. काय व्हायला हवं होतं?"

"४८.३३."

"काय झालं?"

"२०७८४९.३३."

"मग चूक कुठे आहे, बेरजेत की भागाकारात?"

तो थबकला. ते त्याने बघितलंच नव्हतं. टक्केवारी चुकली म्हणजे सगळंच चुकलं, असं धरून तो सगळंच पुसायला निघाला होता. मग त्याने नुसती बेरीज दाखवणारी एक ओळ लिहिली. बेरीज आली ६२३५४८.

आता इथे माझा खडू-फळा कामाला आला. तो आकडा बघताच मी म्हटलं, "अरे, याने बेरीज केलेलीच नाही! बासष्ट, पस्तीस, अठ्ठेचाळीस शेजारी शेजारी मांडून ठेवलेत." लहान मुलं एकशे पाच कसं लिहितात माहीत आहे ना? शंभर लिहितात आणि पुढे पाच लिहितात, १००५. स्थानिक किंमत कळली नाही की हमखास होणारी चूक. मी अशा हजार तरी चुका लाल शाईने कापल्या असतील.

नातू एकदम ताठ बसला. "स्ट्रिंग! आजी, ते आकडे नाहीयेत, ती अक्षरं आहेत!"

मग त्याने मला समजावलं. चौकटीत आपण जे टाइप करतो, ते हे यंत्र अक्षरं म्हणूनच घेतं, आकडे टाइप केले तरी. आणि जावास्क्रिप्टमध्ये अधिकच्या चिन्हाची दोन कामं आहेत. आकडे असतील तर बेरीज, अक्षरं असतील तर जोडणी. वजाबाकीच्या चिन्हाला मात्र एकच काम, म्हणून तिथे तेच यंत्र अक्षरांचे आकडे करून बरोबर उत्तर देतं! आम्ही करूनही पाहिलं. ६२ उणे ३५, उत्तर २७. भागाकारातही तसंच, म्हणून सहा लाखांना तिनाने भागून ती दोन लाख टक्क्यांची आरती निघाली होती.

"हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "सेमिस्टरला प्रश्न होता. डेटा टाइप्स सांगा. पाचपैकी पाच मिळाले होते."

घ्या! व्याख्येला पाचपैकी पाच आणि समोर उभी राहिली तर ओळख नाही. यात त्याची एकट्याची चूक आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

त्याने प्रत्येक गुणाला आधी आकडा करून घेणारा एक शब्द जोडला. बेरीज १४५, टक्केवारी ४८.३३. त्याने टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. तोंडी परीक्षेनंतर त्या मुलाच्या तोंडावर पहिल्यांदा मी रंग पाहिला.

मग मी म्हटलं, आता मी भरते. आणि सवयीने मराठी आकडे टाइप केले, ६२, ३५, ४८. बटण दाबलं तर बेरजेच्या जागी इंग्रजीत "एनएएन" आणि शेरा "अनुत्तीर्ण". एनएएन म्हणजे "नॉट अ नंबर". आकडा नव्हे! पस्तीस हा आकडा नव्हे म्हणे! जन्मभर ज्या आकड्यांत निकाल लावले त्यांना आकडा मानायला तो तयार नाही. मी जाम संतापले. पण नियम म्हणजे नियम. वही उघडली, दोन रकाने भरले.

हे कोडं आम्हाला दीड दिवस पुरलं. शेवटी नातवाने शोधलं की यंत्रात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, मराठी शून्याचा २४०६. पुढचे नऊही ओळीने. म्हणजे मराठी आकड्याच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा मिळतो. ही वजाबाकी मात्र मी वहीत केली आणि मी त्याला सांगितली. फार मोठं काही नाही हो, पण त्या रात्री मला अंथरुणात पडल्यावर सुद्धा हसू येत होतं.

अजून एक गंमत सांगते. नावाचा रकाना अरुंद होता, म्हणून नावात किती अक्षरं आहेत ते मोजायला लावलं. "विद्यार्थी" असा शब्द देऊन पाहिला. मी मोजते तीन: वि, द्या, र्थी. यंत्राने सांगितलं दहा! तो काना, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं सुटं मोजतो. व द र थ य वेगळे, त्यांच्या खुणा वेगळ्या. मी बोटांवर मोजून पाहिलं, बरोबर दहा भरले. विद्यार्थी दिसतो तीन अक्षरांचा आणि आत असतो दहा तुकड्यांचा. मराठीच्या बाईला याहून चांगला धडा कोण देणार?

या सगळ्यातून मला कळलं ते एवढंच. अडकणं दोन प्रकारचं असतं. एक धुक्यातलं. "मला जमत नाही", "काहीच कळत नाही", "सगळे पुढे गेले". त्याला टोक नसतं, त्यामुळे धरायचं कुठे तेच कळत नाही आणि माणूस स्वतःलाच धरून मारत बसतो. दुसरं अडकणं म्हणजे "बेरीज १४५ च्या जागी ६२३५४८ का येते?" हेही अडकणंच. पण याला टोक आहे. याचं उत्तर कुठेतरी आहे, आपण शोधू शकतो, कुणाला विचारू शकतो. शिकणं म्हणजे अडकायचं थांबणं नव्हेच. पहिल्या अडकण्यातून दुसऱ्या अडकण्यात येणं, एवढंच आपल्या हातात असतं. आणि शिकवणं म्हणजे उत्तर फळ्यावर लिहिणं नव्हे, तर "अडकलास, पण कुठे?" हे शेजारी बसून विचारणं.

यंत्राबद्दलही माझं मत थोडं बदललं. सुट्टीच्या शेवटी मी नियम सैल केला. नातवाने चॅटजीपीटीला वहीतलाच एक नेमका प्रश्न विचारला. या वेळी आलेलं उत्तर त्याने वाचलं, त्यातली एक ओळ चुकीची वाटली म्हणून करून पाहिली आणि बदलली. तेच यंत्र, तोच मुलगा. फरक एवढाच की या वेळी प्रश्न त्याचा होता.

आता तुम्हाला वाटेल की मुलगा कॉलेजात जाऊन पहिला आला. तसं काही झालं नाही. निकालपत्रक त्याने दाखवलं. दिसायला अगदी साधं, सरकणारी चित्रं नाहीत की काही नाही. गुण बेताचेच मिळाले. पण सरांनी "हा रकाना अलीकडे घे" म्हटल्यावर त्याने घेतला. थोडा वेळ लागला, पण घेतला. मग त्याने स्वतः आईला फोन करून आधीचं सगळं सांगितलं. पुढे तो हेच काम करेल का, नोकरी मिळेल का, चार वर्षांनी या कामाला किंमत राहील का, हे मला ठाऊक नाही आणि त्यालाही नाही. त्याची ती भीती खोटी नव्हती आणि मी तिला खोटी म्हणत नाही. फक्त "मला जमत नाही" आणि "पुढे काय होईल कळत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्याला वेगळं करता आलं.

त्याचा फोन अजून येतो. पूर्वी "कसा आहेस?" म्हटलं की "ठीक" एवढंच यायचं. आता म्हणतो, "आजी, अडकलोय." मी विचारते, "कुठे?" मग तो दहा मिनिटं सांगत बसतो. त्यातलं नऊ मिनिटांचं मला कळत नाही. पण बरेचदा सांगता सांगताच तो मध्येच थांबतो, "अरे हां, कळलं, ठेवतो!" म्हणतो आणि खरंच ठेवून देतो. नमस्कार सुद्धा करत नाही, मेला!

माझं म्हणाल तर आडवी बेरीज जमली, उभी जमत नाही. पन्नास नावांच्या तक्त्यात शेवटचं नाव बेरजेतून गळतं आहे. डावा रकाना भरलाय, उजवाही भरलाय. बघते आज दुपारी.

त्या मुलाचं मात्र मनातून जात नाही. आता पन्नाशी ओलांडलेला असेल तो. कुठे असेल, काय करत असेल, कुणाला विचारावं तेही कळत नाही. ती वही पुन्हा हातात आली असती तर मी उत्तराखालच्या त्या दोन रेघांचं कौतुक केलं नसतं. पुढचं पान उघडून, रिकामं, त्याच्यासमोर ठेवलं असतं आणि शेजारी बसले असते.

तुमच्यापैकी जे शिकवतात, किंवा ज्यांच्या घरी असं कुणी चकलीला हात न लावता बसलं आहे, त्यांच्यासाठी एवढं लिहिलं. बाकी सगळं क्षेम.